भूऔष्णिक हीट पंप: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, बंगल्यांचे मालक, रुग्णालयांचे व हॉटेलांचे व्यवस्थापक आणि काही तरुण वास्तुरचनाकार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. या विषयावरील बहुतेक माहिती थंड प्रदेशांतील वाचकांसाठी लिहिलेली असते आणि तिथले आकडे जसेच्या तसे उचलून इथे लावल्यास माणसे चुकीचा निर्णय घेतात. म्हणून पुढील उत्तरे ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरची जमीन, हवा आणि गरज समोर ठेवून दिली आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे आवश्यक आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भूऔष्णिक हीट पंप म्हणजे नेमके काय? तो साध्या एसीपेक्षा वेगळा कसा?

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, तो ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेतो. सोसायटीतला पंप जसा तळटाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो, तसा हीट पंप कमी तापमानाच्या जागेतली उष्णता जास्त तापमानाच्या जागी चढवतो. इमारत जितकी उंच, तितकी पाणी चढवायला वीज जास्त लागते. त्याचप्रमाणे दोन जागांच्या तापमानांत जितके अंतर जास्त, तितकी हीट पंपाला वीज जास्त लागते. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर पुढची बहुतेक उत्तरे आपोआप उलगडतील.

घरातला साधा एसी हाही हीट पंपच आहे. तो खोलीतली उष्णता उचलून आउटडोअर युनिटमधून बाहेरच्या हवेत टाकतो. भूऔष्णिक यंत्रणेत तीच उष्णता जमिनीत पुरलेल्या नळ्यांमधून फिरणाऱ्या पाण्याला दिली जाते आणि ते पाणी ती जमिनीला देते.

२. म्हणजे वज्रेश्वरी, गणेशपुरीसारखे गरम पाण्याचे झरे जिथे आहेत तिथेच हे जमते का?

नाही. तानसा नदीकाठच्या त्या कुंडांमधले पाणी खोलवर तापून भेगांमधून वर आलेले आहे आणि लडाखमधील पुगा खोऱ्यासारख्या ठिकाणी अशा उष्णतेपासून वीजनिर्मितीचे प्रयत्न चालू आहेत. तो विषय वेगळा आहे. आपण येथे बोलत आहोत ती यंत्रणा पृष्ठभागाखालच्या शे-दीडशे मीटरपर्यंतच्या साध्या जमिनीचा उपयोग करते आणि ती कोठेही बसवता येते. उलट, ज्याला इमारत गार करायची आहे त्याच्यासाठी गरम झऱ्यांच्या परिसरातली तापलेली जमीन ही अडचणच ठरेल.

३. या यंत्रणेत कोणकोणते भाग असतात आणि उष्णता प्रत्यक्षात कशी हलते?

भाग तीन असतात: जमिनीतला लूप, हीट पंपाचे यंत्र आणि इमारतीत गारवा पोहोचवणारी डक्टची किंवा थंड पाण्याच्या नळ्यांची व्यवस्था.

लूप साधारणपणे एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकच्या नळीचा असतो. उभ्या बोअरमध्ये तळाशी यू-आकाराचा बाक असलेली नळी सोडतात, पाणी एका बाजूने खाली जाते आणि दुसऱ्या बाजूने वर येते. यंत्राच्या आत रेफ्रिजरंट नावाचे द्रव्य फिरते. इमारतीकडच्या बाजूला ते कमी दाबावर उकळते आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता खोलीतून घेते, त्यामुळे खोली गार होते. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, दाबामुळे तिचे तापमान जमिनीकडून आलेल्या पाण्यापेक्षा वर जाते आणि ती आपली उष्णता त्या पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते. मग एका व्हॉल्व्हमधून दाब उतरवला जातो आणि चक्र नव्याने सुरू होते. वीज प्रामुख्याने कॉम्प्रेसरला लागते, थोडी पाणी फिरवणाऱ्या पंपांना आणि पंख्यांना.

४. एकच यंत्र गरम आणि गार दोन्ही कसे करते? आपल्याला गरम करण्याची गरज तरी आहे का?

रेफ्रिजरंटच्या प्रवाहाची दिशा उलटवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो फिरवला की जमिनीतली उष्णता इमारतीत येऊ लागते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत खोल्या गरम करण्याची गरज जवळजवळ कोणालाही नसते. आपल्याकडे गरम लागते ते पाणी आणि तोच या यंत्रणेच्या बाजूने इथला सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे (प्रश्न ९ पाहा).

५. आमच्या जमिनीखाली तापमान किती असते? खाली गारवा असतो ना?

पृष्ठभागापासून आठ-दहा मीटर खाली गेल्यावर ऋतूंचा परिणाम जवळपास संपतो आणि जमिनीचे तापमान त्या गावच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहते. स्वित्झर्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात ही सरासरी १० ते १२ अंश सेल्सिअस असते. आपल्याकडे ती २७ ते २८ अंश आहे. विहिरीचे पाणी मे महिन्यात गार आणि डिसेंबरच्या पहाटे कोमट वाटते. पाण्याचे तापमान दोन्ही वेळा साधारण तेवढेच असते, बदललेली असते ती हवा.

याचा अर्थ असा की थंड देशांत जमिनीतून येणारे १२ अंशांचे पाणी काही वेळा कॉम्प्रेसर न चालवताही खोली गार करू शकते, तर आपल्याकडे २८ अंशांच्या जमिनीकडून तसा थेट गारवा मिळत नाही. इथली जमीन म्हणजे उष्णता टाकण्याची, दुपारच्या हवेपेक्षा बरी असलेली जागा आहे. आपल्याकडचा सगळा हिशेब या ‘बरी’ शब्दात किती अंश दडले आहेत यावर चालतो.

६. मग विजेची बचत किती होते? परदेशी माहितीपत्रकांत तर ७० टक्क्यांपर्यंतचा आकडा असतो.

तो आकडा कोठून येतो ते आधी पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हवेवर चालणाऱ्या हीट पंपांच्या तुलनेत ४४ टक्क्यांपर्यंत, आणि विजेच्या कॉइलने घर तापवून साध्या एसीने गार करण्याच्या तुलनेत ७२ टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचू शकते असे म्हटले होते. त्या बचतीचा मोठा वाटा बर्फाळ हिवाळ्यात घर तापवण्याचा आहे. आपल्याकडे तो वाटाच नाही.

आता आपला हिशेब. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी बाहेर ३६ अंश असताना साध्या एसीच्या कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, ४८ ते ५० अंशांवर उष्णता टाकावी लागते, कारण हवा उष्णता घेण्यात मंद असते. जमिनीच्या लूपमधून ३२ अंशांचे पाणी परत येत असेल तर कंडेन्सर ४० अंशांच्या आसपास राहतो. कंडेन्सर एक अंश खाली आला की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने दोन ते तीन टक्के वाचते. म्हणजे दुपारची बचत वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते आणि त्यातून लूपचा पंप चालवण्याची वीज वजा करावी लागते.

रात्रीचे चित्र निराळे आहे. रात्री हवा स्वतःच २७-२८ अंशांवर आलेली असते आणि दुपारपेक्षा तिच्यात उष्णता टाकणे सोपे असते. त्यामुळे ज्या घरात एसी केवळ रात्री झोपायच्या खोलीत चालतो, तिथे या यंत्रणेची बचत नगण्य ठरते. अशा घराला मी ही यंत्रणा कधीही सुचवणार नाही. ज्या कार्यालयाचा, बँकेचा किंवा दवाखान्याचा एसी भर दुपारी चालतो, तिथे विचार करावा. उंच इमारतींच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेली आउटडोअर युनिट एकमेकांचीच गरम हवा ओढतात. तिथे प्रत्यक्ष तापमान हवामानखात्याच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त असते आणि जमिनीचा फायदा त्या प्रमाणात वाढतो.

७. वर्षानुवर्षे जमिनीत उष्णता टाकत राहिलो तर जमीन तापणार नाही का?

तापेल. हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढली जाते, उन्हाळ्यात परत टाकली जाते आणि वर्षाअखेर जमाखर्च जुळतो. आपल्याकडे फक्त जमा आहे. एक टन क्षमतेचा एसी तासभर पूर्ण भाराने चालला की खोलीतली सुमारे ३.५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता आणि कॉम्प्रेसरची वीज मिळून जवळपास ४.४ युनिट उष्णता जमिनीत जाते. वर्षाला असे १,५०० तास धरले तर ६,६०० युनिट झाली. समजा, १०० मीटर खोल बोअर आहे आणि प्रत्येक दिशेला ६ मीटर अंतरावर दुसरे बोअर आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ३,६०० घनमीटर खडक येतो आणि तेवढा खडक एक अंशाने तापवण्यास ढोबळमानाने २,३०० युनिट लागतात. म्हणजे अशा जाळ्याच्या मधोमध असलेल्या बोअरभोवतीची जमीन, उष्णता बाहेर पडायला वाव न मिळाल्यास, दरवर्षी जवळपास तीन अंशांनी तापेल. चार वर्षांत जमीन ४० अंशांवर पोहोचली की तिचा दुपारच्या हवेपेक्षा काहीही फायदा उरत नाही.

हे टाळण्याचे मार्ग आहेत. मोजकेच बोअर एका ओळीत, दूरदूर घेतले तर उष्णता दोन्ही बाजूंना पसरते. जमिनीखाली पाणी वाहते असेल तर ते उष्णता वाहून नेते. उष्णतेचा काही भाग पाणी तापवण्यासाठी काढून घेता येतो. किंवा लूपला कूलिंग टॉवरची (थोड्या पाण्याची वाफ होऊ देऊन उरलेले पाणी गार करणारी यंत्रणा) किंवा पंख्याच्या ड्राय कूलरची जोड देऊन रात्रीच्या हवेत काही उष्णता सोडता येते. पावसाळा मात्र इथे फारसा कामी येत नाही, कारण आपल्याकडे पाऊस भरपूर पडला तरी त्याचा गारवा वरच्या थरापुरता असतो, शंभर मीटर खोल खडकापर्यंत तो पोहोचत नाही.

जो सल्लागार निदान वीस वर्षांचे जमिनीचे तापमान आकडेमोडीने दाखवत नाही, त्याच्याकडून ही यंत्रणा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

८. आमच्या सोसायटीच्या आवारात हे बसेल का? किती बोअर लागतील?

आपल्या तापमानात एका टनामागे साधारण १०० मीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त बोअर धरावा लागतो. थंड प्रदेशांतला आकडा यापेक्षा कमी असतो, कारण तिथे जमीन आणि लूपमधले पाणी यांच्या तापमानांत जास्त फरक ठेवता येतो.

वीस मजल्यांची, मजल्यावर चार सदनिका असलेली इमारत घ्या. ऐंशी घरे, प्रत्येकी तीन टन म्हणजे २४० टन झाले. सगळे एसी एकाच वेळी चालत नाहीत म्हणून निम्मे धरले तरी १२० टन उरतात. मोकळे आवार १,५०० चौरस मीटर असेल तर ६ मीटर अंतराने सुमारे ४० बोअर बसतील आणि त्यातही मधल्या बोअरना प्रश्न ७ मधली अडचण येईल. त्याशिवाय आवाराखाली तळघर, पाण्याच्या टाक्या, मलनिःसारणाच्या नळ्या आणि केबल असतात. तात्पर्य, घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा पाम बीच मार्गावरच्या उंच निवासी इमारतींना संपूर्ण शीतनासाठी ही यंत्रणा जागेअभावी पुरणार नाही. क्लब हाउस, व्यायामशाळा, सोसायटीचे कार्यालय एवढ्यापुरती ती विचारात घेता येईल.

सिडकोच्या छोट्या रो-हाउसनाही चार-पाच बोअर सहा मीटरच्या अंतराने घेणे कठीण जाते. ऐसपैस आवाराचा बंगला, मैदान असलेली शाळा, वाहनतळ असलेले रुग्णालय, औद्योगिक वसाहतीतला मोठा भूखंड या जागांना हे जमते.

९. गरम पाण्याचा यात काय संबंध?

हॉटेल, रुग्णालय, वसतिगृह, मोठे उपाहारगृह, लाँड्री या ठिकाणी एकाच वेळी गारवाही लागतो आणि गरम पाणीही. बहुतेक ठिकाणी एसी उष्णता बाहेर फेकत असतो आणि शेजारच्या खोलीत गीझर किंवा बॉयलर नव्याने उष्णता तयार करत असतो. ही उधळपट्टी पाहून खरोखर वाईट वाटते.

रोज ५,००० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचे असेल तर सुमारे १६३ युनिट उष्णता लागते. विजेच्या गीझरला त्यासाठी निदान तेवढीच वीज लागेल. हीट पंपाचा सीओपी, म्हणजे मिळालेली उष्णता लागलेल्या विजेच्या किती पट आहे तो आकडा, ३ धरला तर वीज लागते ५४ युनिट आणि उरलेली १०९ युनिट उष्णता इमारतीतून उचलली जाते. इमारतीच्या दृष्टीने हा ३१ टन-तासांचा गारवा आहे आणि त्यासाठी वेगळी वीज लागलेली नाही. तेवढी उष्णता जमिनीत जात नाही, म्हणून प्रश्न ७ मधला जमाखर्चही सावरतो.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत सौर बंब हात आखडता घेतात. हीट पंप मात्र त्या दिवसांतही तितकेच पाणी देतो. रुग्णालयांनी लक्षात ठेवावे की साठवणीच्या टाकीत घातक जंतू वाढू नयेत म्हणून पाणी ६० अंशांवर ठेवावे लागते आणि तापमान वाढेल तसा सीओपी उतरतो.

१०. केवळ गरम पाण्यासाठी जमिनीत बोअर घ्यावेत का?

घेऊ नयेत. आपली हवा वर्षभर उबदार असल्याने हवेतून उष्णता घेणारा साधा हीट पंप गच्चीवर बसवून तेच काम कितीतरी कमी खर्चात होते.

११. ठाण्यातला काळा कातळ आणि नवी मुंबईतला चिखल, यांतले काय चांगले?

ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या बाजूला माती थोडी आणि खाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. बोअरवेल खणणाऱ्या नेहमीच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या गाड्या तो खणतात. वेळ लागतो, पण बोअर ढासळत नाही. वाशी, सानपाडा, नेरुळच्या खाडीकडच्या भागात भरावाखाली सागरी चिकणमातीचा जाड थर असतो आणि त्याखाली झिजलेला व मग कठीण खडक लागतो. मऊ थरात केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून कडेने पाइप, घालावे लागते. उष्णता वाहून नेण्याच्या दृष्टीने ओली चिकणमाती वाईट नाही, पण कोरडा, पोकळ भराव अगदीच कुचकामी असतो.

नवी मुंबईतल्या या मऊ जमिनीत एक संधीही आहे. तिथे मोठ्या इमारतींना पाइल फाउंडेशन लागतेच. त्या काँक्रीटच्या खांबांच्या सळईच्या पिंजऱ्याला आतून नळ्या बांधल्या तर वेगळे बोअर घ्यावे लागत नाहीत. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये ही पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे. झुरिक विमानतळाच्या एका टर्मिनलखाली असे ३०० हून अधिक पाइल आहेत. मात्र नळ्या बांधण्याचा निर्णय पाया घालण्यापूर्वी, संरचना अभियंत्याच्या संमतीनेच झाला पाहिजे. उष्णतेने खांब किंचित प्रसरण पावतो, तो हिशेब त्यालाच करावा लागतो.

१२. आमची इमारत पुनर्विकासाला जात आहे. आत्ता काही करून ठेवता येईल का?

होय आणि पाया खणला जाण्याआधीची हीच योग्य वेळ आहे. इमारत उभी राहिल्यावर आवारात बोअरची गाडी आणणेही अनेकदा अशक्य होते. विकासकाशी होणाऱ्या चर्चेत गरम पाणी, क्लब हाउस आणि सामाईक जागांचे शीतन एवढ्यापुरती मागणी मांडावी, ती पूर्ण होण्याजोगी असते. त्याआधी गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा थर, पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जे आणि हवा खेळती राहील अशी रचना मागावी, कारण जी उष्णता घरात येतच नाही ती जमिनीत टाकावी लागत नाही.

१३. आवारात जुनी बोअरवेल आहे. तिचेच पाणी वापरले तर?

याला खुला लूप म्हणतात: भूजल उपसायचे, त्याला उष्णता द्यायची आणि दुसऱ्या बोअरमधून ते परत जमिनीत सोडायचे. तत्त्व जुने आहे. अमेरिकेत पोर्टलँड येथील १९४८ च्या एका कार्यालयीन इमारतीत भूजलावर चालणारी अशीच यंत्रणा बसवली होती. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांमध्ये साठते, त्यामुळे एका बोअरला भरपूर तर दहा मीटरवरच्या दुसऱ्याला थेंबही नाही असे होते आणि उन्हाळ्यात, नेमकी गरज असताना, पातळी खाली जाते. खाडीलगतचे पाणी खारे असते आणि ते नळ्यांना व यंत्राला गंजवते. पाणी परत न सोडता गटारात सोडणे तर मुळीच समर्थनीय नाही. म्हणून आपल्या भागात बंद लूपच श्रेयस्कर.

१४. खाडी एवढी जवळ आहे, तिच्यात उष्णता टाकली तर बोअरचा खर्च वाचेल ना?

अभियांत्रिकीच्या दृष्टीने समुद्राच्या पाण्यावर चालणारे हीट पंप जगात आहेत. ठाणे खाडीत मात्र पाणी उथळ व गाळाचे आहे, ओहोटीला मोठा भाग उघडा पडतो आणि काठावर कांदळवने आहेत. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेतच. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गाळातल्या ज्या जिवांवर पक्षी जगतात त्यांना ते बाधक ठरू शकते. हा विचार सोडून द्यावा.

१५. परवानग्या कोणत्या लागतात?

बंद लूप पाणी उपसत नाही, तरी बोअर घेण्यापूर्वी महापालिकेकडे आणि नवी मुंबईत भूखंडाच्या अटींनुसार सिडकोकडे लेखी विचारणा करावी. खुल्या लूपला भूजलाचे नियम लागू होतात, त्यांत महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम येतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात जमीन असेल तर वेगळी तपासणी आवश्यक आहे. केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या भूऔष्णिक ऊर्जा धोरणात अशा हीट पंपांचाही विचार केलेला आहे.

१६. नळी फुटली तर जमीन आणि पाणी दूषित होईल का?

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून लूपमध्ये ग्लायकोलसारखे द्रव्य मिसळतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नसल्याने साधे पाणी पुरते आणि गळतीची भीती बरीचशी संपते. खरा धोका वेगळा आहे: नळीभोवतीची पोकळी नीट न भरल्यास पावसाळ्यात वरचे सांडपाणी त्याच वाटेने खालच्या भूजलात उतरते. म्हणून बोअर तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) मिश्रित ग्राउटने, म्हणजे पोकळी बुजवणाऱ्या लगद्याने, भरला गेला पाहिजे. कंत्राटदार या कामात हात आखडत असेल तर काम थांबवावे.

१७. यंत्रणा किती वर्षे टिकते? देखभाल किती?

नीट जोडलेली एचडीपीई नळी पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक टिकणे अपेक्षित असते. यंत्र इमारतीच्या आत असल्याने वीस वर्षांच्या आसपास चालते. ऐरोली-वाशीकडे खारट वाऱ्याने आउटडोअर युनिटची कॉइल काही वर्षांतच गंजते. जमिनीच्या यंत्रणेला तसे उघड्यावरचे युनिट नसते, त्यामुळे गंज, आवाज आणि भिंतीवर टांगलेल्या वजनाचा धोका तिन्ही टळतात. गाळण्या साफ करणे, पाण्याचा दाब व रेफ्रिजरंट तपासणे ही देखभाल नेहमीच्या एसीसारखीच आहे.

१८. कूलिंग टॉवर असलेल्या वॉटर-कूल्ड चिलरपेक्षा हे चांगले का?

विजेच्या बाबतीत फार नाही. चांगला कूलिंग टॉवर आपल्या दमट हवेतही ३० ते ३२ अंशांचे पाणी देतो, म्हणजे लूपइतकेच. फरक पाण्यात आहे. टॉवरमध्ये एका टनामागे तासाला सहा ते सात लिटर पाणी वाफ होऊन जाते, शिवाय क्षार साचू नयेत म्हणून काही सोडून द्यावे लागते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या संकुलाला हे पाणी मोलाचे आहे. माझ्या मते मोठ्या इमारतींसाठी दोहोंची जोड, म्हणजे दुपारी जमीन आणि रात्री टॉवर, ही आपल्याकडची सर्वांत समंजस रचना आहे.

१९. पावसाळ्यात खोलीतला दमटपणा निघेल का? फरशीखाली नळ्या घालून गारवा देतात, ते इथे चालेल का?

दमटपणा निघतो, पण त्यासाठी कॉइल दवबिंदूच्या बऱ्याच खाली, साधारण १० अंशांपर्यंत जावी लागते. जमीन ते काम करत नाही, कॉम्प्रेसर करतो. फरशीतून गारवा देण्याच्या पद्धतीबाबत मात्र सावध राहावे. जुलैमध्ये आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो, खिडकी उघडी राहिली की २० अंशांची फरशी घामेजते आणि घसरडी होते. हवा कोरडी करण्याची स्वतंत्र सोय आणि बंद इमारत असेल तरच तो मार्ग धरावा.

२०. ऐरोली, महापे येथील डेटा सेंटरना हे उपयोगी आहे का?

जवळजवळ नाही. तिथे वर्षाचे सर्व दिवस, सर्व तास उष्णताच बाहेर पडते आणि प्रश्न ७ मधले गणित कित्येक पटींनी वाईट होते. तिथली उष्णता शेजारच्या ज्या कारखान्याला कोमट पाणी लागते त्याला देणे जास्त शहाणपणाचे ठरेल.

२१. पर्यावरणाचा फायदा किती? रेफ्रिजरंट तर त्यातही असतो.

वाचलेल्या प्रत्येक युनिट विजेमागे, आपल्या देशातली बरीचशी वीज कोळशाची असल्याने, सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. रेफ्रिजरंटची निवड तितकीच महत्त्वाची आहे: आर-४१०ए ची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट, आर-३२ ची ६७५ पट, तर प्रोपेन म्हणजे आर-२९० ची तीनच्या आसपास आहे. गल्लीत फेकली जाणारी गरम हवा कमी होते हा फायदा बिलात दिसत नाही, पण आउटडोअर युनिटसमोर ज्यांची खिडकी उघडते त्यांना तो लगेच कळतो.

२२. खर्च किती आणि तो किती वर्षांत वसूल होतो?

खर्चाचा मोठा हिस्सा बोअर, नळी आणि ग्राउटचा असतो आणि तो जमिनीगणिक बदलतो, म्हणून सर्वांना लागू पडणारा आकडा देणे योग्य होणार नाही. हिशेब असा करावा: वर्षभरातले एसीचे दुपारचे तास, गरम पाण्याचे रोजचे लिटर, टॉवर असल्यास त्याचे पाणी आणि सध्याची आउटडोअर युनिट बदलण्याचा खर्च, हे चारही आकडे मांडून तुलना चांगल्या इन्व्हर्टर एसीशी करावी, जुन्या खराब एसीशी नव्हे. नेमका इथेच विक्रेत्यांचा कागद फुगलेला असतो. शिवाय एसी २४ अंशांवर ठेवला तर, ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्यानुसार, प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ते आधी करावे.

२३. विक्रेता म्हणतो की चाचणी बोअरची गरज नाही, शेजारच्या भूखंडाचे आकडे चालतील. ऐकावे का?

ऐकू नये. एक बोअर घेऊन, त्यात नळी व ग्राउट घालून, निदान दोन दिवस मोजलेली उष्णता सतत सोडतात आणि पाण्याचे तापमान कसे चढते ते नोंदवतात. त्यावरून त्याच जागेच्या जमिनीची उष्णतावहन क्षमता आणि मूळ तापमान कळते. आपल्याकडे एका भूखंडात कातळ आणि पलीकडच्यात भराव असू शकतो (प्रश्न ११). चाचणीचा बोअर वाया जात नाही, तोच पुढे लूपचा भाग होतो. चाचणीच्या नोंदी, वीस वर्षांचा अंदाज आणि सीओपी कोणत्या पाण्याच्या तापमानाला मोजला आहे, या तीन गोष्टी करारात लेखी मागाव्यात. माहितीपत्रकातला सीओपी अनेकदा १५-२० अंशांच्या पाण्यावर मोजलेला असतो. आपल्याला तो ३२ अंशांवरचा हवा आहे.